मेन कॉक कुठे आहे, काका?

ती. घरमालककाका यांस,

सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, डॅलसजवळच्या आपल्या घरातल्या गेस्ट बाथरूमला सध्या छत नाही. खाली उभं राहिलं की थेट माळ्यावरचे वासे दिसतात. घर हवेशीर आहे, असं तुम्ही भाडेकरार करताना म्हणाला होतात, ते आता शब्दशः खरं झालं आहे.

थंडीची लाट येणार म्हटल्यावर तुम्ही तातडीने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हिवाळ्यासाठी घराची तयारी’ ही यादी पाठवलीत. कॅलिफोर्नियात स्वतःच्या अंगणातली लिंबं तोडता तोडता भाडेकरूंची आठवण ठेवलीत, याबद्दल आभारी आहोत. यादीतली पहिलीच सूचना होती, तळघरातले पाइप गुंडाळा. काका, या घराला तळघर नाही. टेक्सासात बहुतेक घरं काँक्रीटच्या सपाट पायावर बसवलेली असतात, आणि आपल्या घरासारख्या बऱ्याच घरांत पाण्याचे पाइप माळ्यावरून, म्हणजे आपल्या डोक्यावरून जातात. मिनेसोटातल्या कुणा सज्जनाने आपल्या घरासाठी लिहिलेली यादी तुम्ही जशीच्या तशी पुढे ढकललीत. बर्फ टाकायचं फावडं दारापाशी ठेवा, असंही तीत होतं. तेही ठेवलं असतं, कुठे मिळालं असतं तर.

बाहेरच्या नळांसाठी फोमचे टोप तुम्ही कुरिअरने पाठवलेत. टोप दोन, नळ तीन. तिसऱ्याला जुना टॉवेल आणि त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधली. हीटर पंचावन्न फॅरेनहाइटच्या खाली जाऊ देऊ नका, ही सूचना मात्र योग्य होती. गॅरेजच्या दाराखालून बोटभर फट आहे आणि त्या फटीतून अख्खा ओक्लाहोमा आत येतो, हे मी पावसाळ्यापासून कळवते आहे, असो.

मुख्य सूचना अशी, की ‘स्वयंपाकघरातला नळ रात्रभर बारीक धारेने सोडून ठेवा’. ठेवला. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, हे आपण शाळेत शिकलो. पण पाइप बहुधा बर्फ होतो त्या जागी फुटत नाही. आत बर्फाचं बूच बसतं, ते वाढत जातं आणि बूच व बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावर दाब चढत जातो. नळ ठिबकत असेल तर तो दाब सुटतो. म्हणजे जी लाइन गारठणार, तिच्याच टोकाचा नळ सोडायला हवा. आपलं स्वयंपाकघर दक्षिणेला, ओव्हनच्या उबेत. गेस्ट बाथरूमची लाइन उत्तरेकडच्या छपराखालून, गॅरेजच्या वरून येते. तिथे पाइपावर गुंडाळलेलं काहीही नाही. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी माळ्यावरच्या अशाच उघड्या पाइपांसाठी 20 फॅरेनहाइट, म्हणजे उणे 7 सेल्सिअसच्या आसपास, ही धोक्याची रेषा सांगितली आहे. त्या रात्री पारा तिच्या पुष्कळ खाली होता.

तरी सकाळी काहीच झालं नाही. दुपारी ऊन पडलं, छपरावरचा बर्फ ठिबकू लागला, आणि तुमचा मेसेज आला : ‘सुटलो एकदाचे!’ सोबत जोडलेले हात. काका, पाइप रात्रीच फुटलेला होता. बर्फाच्या बुचानेच भेगेकडे येणारं पाणी अडवून धरलं होतं. ऊन पडलं, बर्फ वितळला, आणि तुम्ही सुटलात त्याच सुमारास पाणीही सुटलं.

आधी दिव्याच्या भोवती चहाच्या डागासारखं वर्तुळ उमटलं. मग छताचा रंग पुरीसारखा टम्म फुगला आणि फुटला. त्यामागून ओल्या इन्सुलेशनचे गुलाबी लगदे, मग भिजलेल्या प्लास्टरबोर्डचा एक अख्खा तुकडा, आणि मग धार. मुलीने बादली धरली. बादलीकडे बघून धारेला हसू आलं असावं.

आणि आता, काका, मुद्द्यावर येते. मी तुम्हाला फोन करून एकच प्रश्न विचारला : मेन कॉक कुठे आहे?

तुम्ही म्हणालात, ‘बघावं लागेल.’

बघावं लागेल! सिंकखाली पाहिलं, हीटरच्या खोलीत पाहिलं, वॉशिंग मशीन ओढून मागे पाहिलं. बाहेर फुलझाडांच्या वाफ्यात, गोठलेल्या मातीत, हाताने उकरलं. तुमच्या यादीत फावड्यापासून मेणबत्त्यांपर्यंत सगळं होतं. घरातलं पाणी बंद कुठून करायचं, एवढं एकच नव्हतं. दर महिन्याच्या एक तारखेला भाडं जमा झालं की नाही, ते तुम्हाला सकाळी आठ वाजता कळतं. स्वतःच्या घराचा कॉक मात्र बघावा लागतो. तुम्ही पुण्याचे ना? पुण्यातला कुठलाही घरमालक भाडेकरूला खोली दाखवायच्या आधी कॉक दाखवतो. पाणी किती वाजता येतं, कधी जातं, टाकी भरली की काय फिरवायचं, आणि फिरवलं नाही तर काय ऐकून घ्यावं लागेल, हे सगळं त्यात आलं. साता समुद्रापार आल्यावर तेवढीच एक चांगली खोड कशी सुटली तुमची?

शेवटी शेजारचे आजोबा आले. गॅरेजमधल्या खिळ्यावरून त्यांनी टी आकाराची एक लांब लोखंडी किल्ली काढून आणली होती. रस्त्याच्या कडेला, गवताने जवळजवळ झाकलेलं मीटरचं झाकण त्यांनी बुटाने शोधलं आणि उघडलं. आत मीटरवरचा एक चिमुकला लाल त्रिकोण गरगर फिरत होता. आजोबांनी किल्ली घातली, पाव फेरा दिला, आणि त्रिकोण थांबला. 2021च्या फेब्रुवारीत त्यांच्या घरात दोन छतं कोसळली होती म्हणे. तेव्हा 16 तारखेला डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर पारा उणे 2 फॅरेनहाइट, म्हणजे उणे 19 सेल्सिअसवर गेला होता. इतकी थंडी इथे 1949नंतर पडली नव्हती. आदल्या पहाटे राज्याची अख्खी वीजव्यवस्था कोलमडण्यापासून चार मिनिटं 37 सेकंदांवर येऊन ठेपली होती. वीज नाही म्हणून हीटर नाही, हीटर नाही म्हणून गावभर पाइप फुटलेले, आणि प्लंबर मिळेना. तेव्हापासून आजोबांची किल्ली खिळ्यावर असते.

या सगळ्या वेळात तुम्ही फोन ठेवला नाहीत, हे मात्र नोंदवलं पाहिजे. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून लॅपटॉपवर जुने कागद उघडत होतात, घर घेतानाचा तपासणी अहवाल मला मोठ्याने वाचून दाखवत होतात. ‘पान बावीस... नाही, तेविसावर असेल,’ असं पुटपुटताना तुमचा आवाज कापत होता. मागून स्पीकरवर काकूंचा आवाज आला, ‘अहो, विकून टाका ते घर एकदाचं!’ आणि मग तुम्ही माझ्याशी बोलताय की त्यांच्याशी, ते न कळण्याइतक्या हळू आवाजात म्हणालात, की हे घर तुम्ही आजवर प्रत्यक्ष पाहिलेलंच नाही. व्हिडिओवर पाहून घेतलंत. 2021मध्येही तेव्हाच्या भाडेकरूंनी असाच फोन केला होता. विम्याचा हप्ता तेव्हापासून दरवर्षी चढतोय.

तेव्हा मला तुमची दया आली, काका. भाड्याएवढी नाही, पण आली.

दुसऱ्या दिवशी आलेल्या प्लंबरने तुमचा कॉक शोधून काढला. गॅरेजच्या भिंतीत एक चौकोनी झाकण होतं. आम्ही राहायला यायच्या आधी तुम्ही भिंतींना जो ‘फ्रेश बेज’ रंग काढून दिलात, त्यात झाकणही गेलं, त्याचे स्क्रूही गेले. प्लंबरने सुरीने कडा कापून ते उघडलं. आतला जुना गोल कॉक त्याने फिरवायला घेतला, तर चाकच हातात आलं. तो हसला. मी हसले नाही.

तर आता पुढीलप्रमाणे व्हावे. माळ्यावरच्या लाइनला फोमचं वेष्टण, गॅरेजच्या दाराला रबराची पट्टी, नवा कॉक पाव फेऱ्यात बंद होणारा, आणि तिसऱ्या नळाला टोप. मीटरची किल्ली मी वीसेक डॉलरला घेतली आहे आणि तेवढे पैसे या महिन्याच्या भाड्यातून कापले आहेत.

आपली,
भाडेकरू

ता. क. त्या झाकणावर पाटी मी स्वखर्चाने लावली आहे, हिशेबात धरू नये. मजकूर : ‘मेन कॉक येथे आहे. उजवीकडे फिरवावा. मालकांस फोन करू नये, त्यांस माहीत नाही.’