तळपत्र्याचा गंज : कारणे व उपचार

प्रीमियर पद्मिनी या मोटारीला वेगळी चासी नसते. तळाचा पत्रा, दरवाजांखालच्या पोकळ पेट्या, खांब आणि छत मिळून तिचा सांगाडा होतो. म्हणून तळ गंजला की गाडीचा कणाच गंजला असे समजावे. कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या बाहेर पडणे 2000च्या सुमारास थांबले. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही ऑक्टोबर 2023मध्ये निवृत्त झाली. लातूर-नांदेडकडे काही खासगी गाड्या अजून तग धरून आहेत. त्यांचे मालक बहुधा पेन्शनर असतात आणि कुणी विचारले नाही तरी 1089 सीसीच्या इंजिनाबद्दल बोलतात. प्रस्तुत लेखक हा या वर्गाचा प्रातिनिधिक नमुना मानता येईल.

गंजाची लक्षणे क्रमाने दिसतात. आधी पायाखाली पत्रा किंचित दबतो. मालक त्याला जुन्या गाडीचा मऊपणा म्हणतो. पुढे लोहा-अहमदपूर रस्त्यावर धूळ खालून वर येऊ लागते. मालक काचा वर करतो. शेवटी पायांमधून डांबर दिसते. हे निदान सहसा शेजारच्या सीटवर बसलेली पत्नी करते आणि ते मालकाला मान्य नसते.

आता कारण. गंजाला लोखंड, प्राणवायू आणि पाणी लागते. पहिल्या दोन गोष्टी लातुरात मुबलक आहेत. ज्या शहराला एप्रिल 2016मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे तिसरी आली कुठून? उत्तर मालकाच्या गेटसमोर सापडते. रविवारी सकाळी, जाणारे-येणारे पुरेसे जमले की, तो पाइप लावून गाडी धुतो. गाडी आदल्या रविवारपासून हललेली नसते. पण बोअर सातशे फुटांवर गेलेल्या गल्लीत पाइपने गाडी धुणे म्हणजे नवी गाडी घेण्यापेक्षा स्वस्तात मिळणारी प्रतिष्ठा. मराठवाड्याच्या उन्हाने पुढच्या काचेचे रबर कडक होऊन तडकलेले असते. तिथून पाणी डॅशबोर्डमागे उतरते आणि पायाशी नमद्यात मुरते. वर जाड रबरी मॅट असल्याने ते वाळत नाही. बोअरच्या पाण्यातले क्षार गंजाचा वेग वाढवतात. पाऊस बिचारा या प्रकरणात जवळजवळ निर्दोष आहे.

याचा पडताळा दुष्काळानेच दिला. 2016च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. पुढे 'जलदूत' ही पाण्याची रेल्वेगाडी पन्नास वाघिणींतून एका खेपेला सुमारे 25 लाख लिटर पाणी आणू लागली. हंड्यांच्या रांगेत म्हाताऱ्या बायका रात्री बसून राहत, शाळकरी पोरे टँकरमागे धावत. शहरावर ही पाळी आली ती काही एका वर्षाच्या अपुऱ्या पावसामुळे नव्हे, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. त्या उन्हाळ्यात पद्मिनी धुळीने मातकट होऊन उभी होती, तिला ओले फडकेसुद्धा लागले नाही, आणि तिचा गंज तिथेच थांबला. पावसाळ्याच्या अखेरीस लातूरला पाणी पुरवणाऱ्या मांजरा धरणात पाणी आले. त्यानंतरच्या रविवारी पाइप पुन्हा गेटबाहेर होता.

दुरुस्तीचा सोपा आणि चुकीचा प्रकार म्हणजे गंजावर पत्र्याचा तुकडा रिव्हेटने ठोकून वर डांबर फासणे. गंज त्याखाली निवांत वाढतो. योग्य पद्धतीत आधी बॅटरी सोडतात. पेट्रोलची टाकी उतरवतात. सीट, मॅट, नमदा बाहेर काढतात. मग मिस्त्री हातोडीने तळ ठोकत जातो. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. "मालक, ह्याच्यात पत्रा ऱ्हायला न्हाई, नुसता रंग हाय," हे वाक्य ऐकण्याची मनाची तयारी ठेवावी.

कापण्यापूर्वी दरवाजांच्या चौकटीत आडव्या सळया वेल्डिंगच्या टाक्यांनी पक्क्या कराव्यात आणि एका वेळी एकच बाजू कापावी. नाहीतर सांगाडा खचतो आणि तळ नवा होऊनही दरवाजे लागत नाहीत. कटाई गंजाच्या पलीकडे, चकाकता पत्रा लागेपर्यंत न्यावी. नवा पत्रा सुमारे 1.2 मिलिमीटरचा, म्हणजे अठरा गेजचा घेतात. सपाट पत्रा चालत्या गाडीत थडथडतो, म्हणून त्यात मूळच्यासारख्या नाळ्या पाडतात. जस्ताचा पत्रा गंजत नाही म्हणून काही मालक तो आणून देतात. पण वेल्डिंगमध्ये जस्ताचा धूर निघतो आणि मिस्त्रीला ताप भरतो. गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ पत्रा वाकतो, तेव्हा सीओटू वेल्डिंगने दूरदूर टाके मारत, थांबत थांबत जोड भरावा. मग रेड ऑक्साइड, सांध्यांना दोन्हीकडून सीलर, खालून अंडरकोटिंग.

हे काम आडवे झोपून, डोळ्यांत गंजाची भुकटी घेत करावे लागते. ते जाणणारे हात आता थोडे उरले आहेत. पोरे नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये जातात, तिथे तळ कापत नाहीत. मिस्त्री मजुरी सांगेल तेव्हा घासाघीस करू नये. सगळ्यात शेवटी काचेचे रबर बदलावे. मालक नेमके तेवढेच पुढच्या महिन्यावर टाकतात.

राहता राहिली नोंदणी. 2021च्या मोटार वाहन नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीला 'व्हिंटेज' नोंदणी मिळते, मात्र गाडी मूळ रूपात हवी, मोठे फेरफार नकोत. नवा तळ कशात मोडतो, हा प्रश्न मालक आरटीओत विचारत नाहीत.

ज्या वाचकांकडे पद्मिनी असेल त्यांनी ती कोरड्या फडक्याने पुसावी, आणि आजच रबरी मॅट उचलून खाली हात लावून पाहावा.