बिळातला पाहुणा: वर्गीकरणाचं 'लातूर पॅटर्न' गाईड

प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आणि त्यातला एकच बरोबर, हे ज्यांच्या अंगात मुरलंय अशा नांदेड-लातूरच्या नवशिक्यांसाठी हे गाईड आहे. नामशेष झालेल्या, बिळात राहणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याचं वर्गीकरण शिकायचं असेल, तर आधी ओएमआर शीट बाजूला ठेवा. इथे 'आन्सर की' येते, पण सहा वर्षांनी, आणि तीही विरुद्ध पार्टीकडून.

पहिला सराव जिवंत प्राण्यावर करावा. पावसाळ्यात न्हाणीच्या मोरीतून गांडुळासारखा दिसणारा वाळा निघतो आणि घरात आरडाओरडा होतो. दोडाँ नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १८०३ मध्ये त्याला 'एरिक्स' प्रजातीत टाकलं, म्हणजे थेट मांडुळाच्या घरात. पुढे तो टिफ्लॉप्स झाला, मग रॅम्फोटिफ्लॉप्स, आणि २०१४ पासून इंडोटिफ्लॉप्स. हा समोर वळवळतोय, डीएनएसुद्धा देतोय, तरी दोनशे वर्षं त्याचा पत्ता बदलत राहिला. मांडुळावर मात्र सराव करू नका. शेपूट बोथट म्हणून तो 'दुतोंड्या', आणि दुतोंड्या म्हणून त्याच्यामागे गुप्तधनवाले लागलेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पकडणाऱ्याचं वर्गीकरण 'आरोपी' असं होतं, आणि त्यावर तज्ज्ञांत मतभेद नाहीत.

आता नमुना प्रश्न. ब्राझीलच्या क्रॅटो थरातल्या चुनखडीत साधारण वीतभर लांबीचा एक सांगाडा सापडला. वय अकरा-बारा कोटी वर्षं. मणके २७२, आणि चार इवलेसे पाय. जर्मनीतल्या झोल्नहोफनच्या संग्रहालयात तो डेव्हिड मार्टिल यांच्या नजरेस पडला. त्यांनी टिशलिंगर आणि लाँगरिच यांच्यासोबत २०१५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात जाहीर केलं: हा चार पायांचा साप, नाव टेट्रापोडोफिस अँप्लेक्टस. धड लांब, शेपूट आखूड, तोंडही आखूड, म्हणजे हा बिळात घुसणारा. पाय मग कशाला? तर भक्ष्याला किंवा जोडीदाराला कवटाळायला. अँप्लेक्टस नाव त्यावरूनच. कुंडली जुळली, पेपरांत मथळे आले.

इथे नवशिक्याने ध्यानात घ्यायचं ते असं, की वाद पायांचा नव्हताच. सापांचं मूळ बिळात की समुद्रात, हे भांडण आधीपासून चालू होतं. बिळवाल्यांना हा दगड आयता मिळाला. समुद्रवाल्यांकडे १९९७ पासूनच पॅकिरॅकिस होता, सागरी थरातला, मागचे पाय असलेला साप. त्यावर लिहिणारे मायकेल काल्डवेल आणि मायकेल ली हे दोघंही पुढे २०२१ च्या विरोधी शोधनिबंधात आहेत. लग्नात मानपान कोणत्या बाजूचा चुकला हे तुम्ही कोणाकडून आलात यावर ठरतं, तसंच काहीसं हे. पण म्हणून त्यांचा मुद्दा खोटा ठरत नाही. ते म्हणाले, दगडाच्या दोन फाका आहेत, कवटीचा पुरावा दुसऱ्या फाकेवरही आहे, तो नीट वाचा. मग कवटी सापाची राहत नाही. हा डोलिकोसॉर, म्हणजे सरड्यांच्या नात्यातला, लांबुडक्या अंगाचा पाण्यातला प्राणी. मला स्वतःला दुसरी बाजू वजनदार वाटते. लांब नाजूक बोटं घेऊन माती कोण उकरतो?

तर पायरी नेमकी कोणती? मणके मोजा, दात बघा, हे सगळं पुस्तकात आहे. पुस्तकात नसलेली पायरी ही, की दगड कोणाच्या कपाटात आहे ते आधी विचारा. हा नमुना खाजगी संग्राहकाचा, संग्रहालयात फक्त उसना ठेवलेला. वाद पेटल्यावर तो इतरांना पाहायला मिळेनासा झाला. ब्राझीलच्या १९४२ च्या कायद्याप्रमाणे जीवाश्म सरकारच्या मालकीचे असतात, तरी तो देशाबाहेर होता आणि २०१५ च्या त्या लेखात ब्राझीलचा एकही लेखक नव्हता. अशा वस्तूवर लिहिलेलं उत्तर तपासायला परीक्षकालाच उत्तरपत्रिका मिळत नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना गुजरातच्या ढोली डुंगरीत डायनासोरच्या अंड्यांसोबत हाडं मिळाली. १९८७ मध्ये त्यांनी ती डायनासोरच्या पिल्लाची म्हणून छापली. २००१ मध्ये अमेरिकेतले जेफ्री विल्सन यांनी दगड पाहिला आणि मणक्यांचे सांधे त्यांना सापाचे दिसले. दोघांनी मिळून काम केलं, आणि २०१० मध्ये साडेतीन मीटरचा 'सनाजे इंडिकस' जगासमोर आला. पिल्लू गिळायला आलेला साप इतकी वर्षं पिल्लाच्या नावावर खपला! पण दगड सरकारी कपाटात होता, म्हणून दुसऱ्या माणसाला तो बघता आला. मोहबे पुढे चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या सापावरही लिहितात, मॅड्सोइया पिसदुरेन्सिस.

प्रात्यक्षिकासाठी आपला इलाखा थोडा अवघड आहे. नांदेड-लातूरच्या बहुतेक भागाखाली लाव्हाचा काळा दगड, त्यात सांगाडा काय शोधणार? शोधायचं ते दोन लाव्हांच्या मधल्या मातकट थरात, किंवा मांजरेच्या जुन्या गाळात, पण त्या गाळात हत्ती भेटण्याची शक्यता जास्त. विहीर खोदताना काही हाडकासारखं दिसलं तर घरी आणून देव्हाऱ्यात ठेवू नका, धुऊ नका, फोडून दुसरी फाक भावाला देऊ नका. जागेचा फोटो काढा, किती फूट खाली मिळालं ते लिहा आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्रवाल्यांना कळवा. आणि ते हललं, तर सर्पमित्राला बोलवा.