खालसा झालेल्या छिद्रांची कैफियत

संस्थाने खालसा करण्याची विद्या ईस्ट इंडिया कंपनीबरोबरच लयास गेली, असा जो समज क्रमिक पुस्तकांनी पसरविला आहे, तो गेल्या दहा वर्षांत ज्याने एखादा नवा मोबाईल किंवा लॅपटॉप बारकाईने निरखला असेल अशा कोणाही इसमास मान्य होण्यासारखा नाही. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निवर्तले, गादीला वारस नाही हे निमित्त पुढे करून लॉर्ड डलहौसीने पुढच्याच वर्षी नागपूरचे राज्य खालसा केले, वाड्यातले हत्ती, घोडे आणि बैल लिलावात निघाले, जडजवाहीर कलकत्त्यास रवाना झाले. आणि हा सर्व व्यवहार रयतेच्या कल्याणासाठीच चालला आहे, अशी कंपनीच्या दफ्तराची खात्री होती. आजच्या कंपन्यांची रीत याहून निराळी नाही. ७ सप्टेंबर २०१६ रोजी ॲपलने आयफोन ७ जगापुढे ठेवताना हेडफोनचे साडेतीन मिलिमीटरचे छिद्र खालसा केले, आणि त्यामागील प्रेरणा कोणती हे सांगताना कंपनीचे अधिकारी फिल शिलर यांनी भर सभेत धैर्याचा उच्चार केला. एवढे उदात्त कारण डलहौसीलाही सुचले नव्हते.

त्यापुढील आणि मागील इतिहास म्हणजे जप्तीची एक लांबलचक बखर आहे. २०१५ च्या बारा इंची मॅकबुकात हेडफोनचे छिद्र वगळता एकच यूएसबी-सी शिल्लक ठेवण्यात आले, तेव्हा चार्जर लावला असेल तर पेनड्राइव्हने बाहेर तिष्ठत राहावे आणि पेनड्राइव्ह आत गेला तर चार्जरने, अशी पाळी ठरली. ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ च्या खोक्यातून खुद्द चार्जरच बडतर्फ झाला, आणि ही बडतर्फी पर्यावरणाच्या रक्षणार्थ असल्याचे जाहीर झाले. ज्या सॅमसंगने आयफोनच्या छिद्रहीनतेची जाहिरातींतून यथेच्छ टिंगल केली होती, तिनेच २०१९ च्या नोट १० मधून ते छिद्र आणि २०२१ च्या गॅलक्सी एस२१ च्या खोक्यातून चार्जर मुकाट्याने काढून टाकला. जप्त झालेला माल मात्र वाया गेला नाही. तो वेगळ्या डबीत, वेगळ्या किमतीस, पूर्वी ज्याच्याकडे होता त्यालाच विकण्यात आला. भोसल्यांच्या हत्तींवर निदान परक्यांनी तरी बोली लावली. येथे मूळ मालकालाच ती लावावी लागते.

हा सारा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न जे विचारतात त्यांना आधुनिक अध्यात्माचा गंध नाही असे समजावे. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेला आयफोन एअर अवघा ५.६ मिलिमीटर जाडीचा आहे, आणि आमच्यासारख्या संगणकाच्या नादी माणसांनी, ज्यांना घरातल्या गव्हाचा भाव ठाऊक नसतो परंतु प्रत्येक प्रोसेसरचे कुलगोत्र मुखोद्गत असते, त्या ५.६ या अंकाचा असा काही जप चालविला की जणू जगातील यच्चयावत दुःखांचे मूळ मोबाईलच्या जाडीतच दडलेले होते. हे नाही, तेही नाही, असे करीत करीत शेवटी निर्गुण निराकार तत्त्वापर्यंत पोहोचण्याची वाट उपनिषदांनीही दाखविली आहे. फक्त तीत प्रत्येक नकारासरशी किंमत वाढत नसे. शिवाय या निराकाराच्या पाठीवर कॅमेऱ्याचे टेंगूळ मात्र साकार राहिलेच. आणि असा हा कृश देह हाती आल्याबरोबर त्याचा धनी प्रथम काय करतो, तर नागपुरातल्या सीताबर्डीच्या फुटपाथवर जाऊन, दीडशे रुपयांची घासाघीस करून, त्याला रबराचा एक जाडजूड अंगरखा चढवितो. अभियंत्यांनी अहोरात्र झिजून जे मिलिमीटर वाचविले, ते सीताबर्डीवर पाच मिनिटांत परत मिळतात.

आता हा पदार्थ भिवापुरात आणून ठेवावा. नागपुराहून उमरेडमार्गे येणारा रस्ता ज्या तालुक्यात शिरतो, तो आपल्या मिरचीसाठी विख्यात आहे, आणि त्या मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. हंगामात येथील सातऱ्यांवर, म्हणजे मिरची खुडण्याच्या आवारांत, मिरचीचे लालभडक ढीग पडतात आणि त्यांच्याभोवती बाया तोंडाला फडके गुंडाळून दिवसभर देठ खुडीत बसतात. आयफोनच्या निर्मात्यांचे लेखी सांगणे असे आहे की, हे यंत्र शून्य ते पस्तीस अंश सेल्सिअस या तापमानात वापरावे. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो ही गोष्ट शाळकरी पोरालाही ठाऊक असल्यामुळे, सदरहू कंपनीच्या नकाशावर विदर्भ हा उन्हाळ्यापुरता निर्मनुष्य प्रदेश असला पाहिजे, याखेरीज दुसरा निष्कर्ष निघत नाही. दुपारच्या उन्हात खिशातून काढलेला उंची फोन आधी आपला उजेड मंद करतो, मग आपण फार तापलो असल्याची सूचना झळकवितो, आणि अखेरीस थंड होईपर्यंत कामकाज तहकूब करतो. शेतमजुराने हीच सवलत मागितली असती, तर त्याला आळशी म्हटले गेले असते.

उन्हाचे सोडा, हाताचे काय? मजुरी खात्यावर जमा झाल्याचा संदेश आला की नाही, हे पाहण्यासाठी सातऱ्यावरची एखादी मावशी कमरेच्या पिशवीतून फोन काढते, लुगड्याला पुसून अंगठा टेकविते, पुन्हा टेकविते, आणि शेवटी हिशेब लिहिणाऱ्या पोराला हाक मारते, "भाऊ, अंगठा लागून नाही राहिला!" देठ खुडून खुडून ज्या अंगठ्याच्या रेषा बोथट झाल्या, त्याला ओळखण्यास यंत्र तयार नाही. पोरगा चेहऱ्याचे कुलूप सुचवितो, तर मावशी फणकारते, "थोबाड दाखव म्हणते हा! फडकं काढलं तं ठसका लागते, काय दाखवू?" ज्या रचनाकारांनी पडद्यावरील कोपऱ्याची गोलाई किती असावी यावर महिनोन्महिने चिंतन केले, त्यांच्या चिंतनात तिखटाने माखलेला हात एकदाही आला नाही, कारण त्यांच्या कल्पनेतील मनुष्य हात धुऊन, कोरडे करून, वातानुकूलित खोलीत बसून मगच आयुष्य जगतो.

शेतकऱ्याची गोष्ट तर याहून मौजेची आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्य सरकारने ई-पीक पाहणी सुरू केली; तेव्हापासून सातबाऱ्यावर पिकाची नोंद व्हावी म्हणून खातेदाराने स्वतः बांधावर उभे राहून मोबाईलने पिकाचे छायाचित्र काढावे, असा शिरस्ता पडला. खरिपाचा पाऊस, चिखलाचे पाय आणि पडद्यावर पडलेला थेंब, ज्याला फोन बोट समजतो आणि बोटाला मात्र थेंब समजतो, अशा त्रिवेणी संगमावर सोयाबीनचे पीक सरकारदरबारी रुजू होते. रात्री वीज आली की ओलितासाठी निघावे, तर उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य याच तालुक्यापर्यंत पसरलेले असल्यामुळे वाघोबाही त्याच वेळी फेरफटक्यास निघतो. अशा वेळी २००३ साली निघालेल्या नोकिया ११०० ची आठवण होते. माथ्यावर विजेरी, धूळ शिरू नये असा कळफलक, हातातून निसटू नये अशा कडा. जणू तो फोन कोणी बांधावर बसूनच आखला होता. तो पातळ नव्हता, देखणाही नव्हता. पण पंचवीस कोटींहून अधिक लोकांनी तो विकत घेतला, आणि त्याच्या वर्णनासाठी कोणा अधिकाऱ्यास धैर्याचा आधार घ्यावा लागला नाही.

लॅपटॉपांची हकीकत थोडक्यात आटोपतो. २०१५ पासून ॲपलने लॅपटॉपमध्ये असा काही नाजूक कळफलक बसविला की धुळीचा एक कण आत गेला तरी कळ रुसून बसे. २०१८ मध्ये कंपनीला तो फुकट दुरुस्त करून देण्याची योजना काढावी लागली, आणि २०२२ मध्ये पाच कोटी डॉलरांवर दावा मिटवावा लागला. कण ॲपलच्या क्यूपर्टिनो गावच्या धुळीचा होता म्हणून एवढ्यावर निभावले. भिवापुरी भुकटीचा असता तर कळफलकाने शिंकत शिंकत राजीनामा दिला असता. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या कळफलकावर कृत्रिम बुद्धिमत्तेची एक स्वतंत्र कळ बसविण्याचे ठरविले, आणि तिला लगोलग जागाही सापडली. देवनागरीसाठी इन्स्क्रिप्टचा आराखडा १९८६ पासून दफ्तरी पडून आहे. तरीही या तालुक्यात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर 'क' छापण्यापुरती शाई अद्याप कोणास मंजूर झालेली नाही. बुद्धी कृत्रिम असली तर तिला कळ मिळते. अक्षर आपले असले तर ते अंदाजाने चाचपावे लागते.

क्वचित संस्थाने परतही मिळतात. २०२१ च्या मॅकबुक प्रोमध्ये एचडीएमआयचे छिद्र, कार्डाची खाच आणि चुंबकाचा चार्जर हे तिघेही सन्मानाने गादीवर बसले, आणि जे पाच वर्षांपूर्वी जुनाट म्हणून हाकलले होते तेच नवलाई म्हणून विकले गेले. युरोपीय संघाने सर्व फोनांना एकच यूएसबी-सी असावे असा कायदा करताच २०२३ च्या आयफोन १५ ने आपला हट्टही निमूटपणे सोडला. यावरून एवढेच सिद्ध होते की कंपनीला धैर्याची जितकी किंमत वाटते, त्याहून कायद्याची अधिक वाटते.

म्हणून समस्त रचनाकार मंडळींच्या सेवेशी आमचा अर्ज असा की, पुढील फोन कितीही पातळ करावा, परंतु बाजारात आणण्यापूर्वी एका जबाबदार अधिकाऱ्यास मे महिन्यात भिवापुरास पाठवावे. त्याने भर दुपारी सातऱ्यावर बसून पायलीभर मिरची खुडावी, फडके न सोडता फोन उघडावा, बांधावर जाऊन एका पिकाची नोंद करावी, आणि रात्री त्याच फोनच्या उजेडात अभयारण्याच्या कडेने घरी परतावे. या परीक्षेस जो फोन उतरेल, त्याची उरलीसुरली छिद्रे खुशाल बुजवावीत. आमची हरकत राहणार नाही. मात्र परीक्षा चालू असेतोवर त्या अधिकाऱ्याने घाम पुसण्याच्या निमित्तानेदेखील डोळ्याला हात लावू नये, एवढी सूचना माणुसकीखातर आगाऊ देऊन ठेवतो.