बुडीत घराचे मालक

हौशी संशोधकांच्या अनेक जातींमध्ये अंतर्जल-निवासकार हा दुर्मीळ, परंतु एकदा दृष्टीस पडल्यावर सहसा न विसरला जाणारा नमुना होय. पाण्याच्या पृष्ठभागाखाली माणसाला राहता, जेवता आणि झोपता येईल अशा हवा भरलेल्या खोलीला अंतर्जल-निवास म्हणतात. ही खोली सरकारी खर्चाने बांधली तर ती प्रयोगशाळा ठरते, आणि गॅरेजमध्ये भंगारातून बांधली तर ती काय ठरते, हे शेजारी केवळ सौजन्यापोटी बोलून दाखवत नाहीत. हा गृहस्थ मुख्यतः अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियात आढळतो, आणि तो समुद्रापासून जितका दूर राहतो तितकी त्याची समुद्रतळावरील निष्ठा कडवी असते. याचा भक्कम पुरावा म्हणजे ‘इख्तियांदर’ हा सोव्हिएत काळातील हौशी पाणबुड्यांचा संघ, जो कोळशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या दोनेत्स्क शहरात निघाला आणि ज्याने १९६६ साली क्रिमियाच्या किनाऱ्याजवळ ११ मीटर खोलीवर आपले घर खरोखरच वसवले. जमिनीखाली वावरण्याची सवय असलेल्या शहराला पाण्याखाली जाण्यात फारसे नवल वाटले नसावे.

निवासकाराची साधना भंगारवाल्याच्या अंगणात सुरू होते. त्याच्या घराचा मूळ सांगाडा बहुधा रसायने वाहून नेण्यासाठी वापरले जाणारे, लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात बसवलेले १,००० लिटरचे पांढरे प्लास्टिकचे टाके असते, ज्यात पूर्वी काय भरले होते याचा निर्णय तो आत डोके घालून, दीर्घ श्वास घेऊन आणि नंतर काही वेळ पायरीवर बसून करतो. बाद झालेल्या धुलाईयंत्राचे गोल काचेचे दार ही खिडकी, अपघातग्रस्त मोटारीचे आसन ही बैठक आणि बागेतील नळी ही प्राणवाहिनी ठरते. यांतील प्रत्येक वस्तू फुकट मिळाली, हे तो पाहुण्याला आवर्जून सांगतो; त्या जोडण्यासाठी किती सिलिकॉन विकत आणले, हे पाहुण्याला त्याची पत्नी सांगते.

खरी परीक्षा पुढे असते. पाण्यात बुडवलेली वस्तू जितके पाणी बाजूला सारते तितक्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर ढकलतो, यालाच उत्प्लावक बल म्हणतात; त्यामुळे हवेने भरलेले १,००० लिटरचे टाके तळाशी ठेवायचे तर सुमारे एक टन जोर खाली लावावा लागतो, आणि दगडाचे वजनही पाण्यात एक तृतीयांशाहून अधिक घटत असल्याने प्रत्यक्षात दीड टनाहून जास्त दगड जमवावे लागतात. हे गणित कळल्यापासून गृहस्थ व्यायामाची वजने, फुटक्या फरश्या, शिवणयंत्रांचे पाय आणि रेतीची पोती यांकडे लोभी नजरेने पाहू लागतो. जगातील यच्चयावत नौका बांधणारे आपले काम बुडू नये म्हणून देव पाण्यात घालून बसतात, हा मात्र ते बुडत नाही म्हणून कपाळाला हात लावतो. चाचणीच्या दिवशी टाके तळ्यात एका कोपऱ्यावर कलते, पोटातील हवा मोठ्या ढेकरेसह सोडते आणि दगडांचा त्याग करून पृष्ठभागावर परत येते. बुडत्याचा पाय खोलात ही म्हण त्याला लागू पडत नाही.

अशा वेळी तो इतिहासाचा आधार घेतो, आणि इतिहास, दुर्दैवाने, त्याच्या बाजूने आहे. फ्रेंच समुद्रसंशोधक झाक-इव्ह कुस्तो यांनी १९६२ साली मार्सेजवळ १० मीटर खोलीवर दोन माणसांना आठवडाभर ज्या पोलादी नळकांड्यात ठेवले, त्याचे नाव पिंपात राहणाऱ्या डायोजेनिस या तत्त्वज्ञावरून ठेवले होते. आणि अमेरिकी नौदलाचे १९६४ मधील ‘सीलॅब-१’ हे अंतर्जल-घर दोन जुने तरंगते पिंपवजा सांगाडे जोडून बनले होते व रेल्वेच्या डब्यांचे आस वापरून तळाशी टिकवले होते. जे आरमाराला चालले ते आपल्याला का चालू नये, हा त्याचा युक्तिवाद मोडून काढणे सोपे नाही.

सोपे नाही, पण शक्य आहे; कारण आरमाराकडे हवेचा हिशेब होता. खोलीचा तळ उघडा असला तरी आतील हवेचा दाब बाहेरच्या पाण्याइतका ठेवल्यास पाणी आत चढत नाही, हे उपड्या पेल्याचे तत्त्व निवासकाराला पाठ असते. १० मीटरवर तीच जागा भरायला पृष्ठभागावरील दुप्पट हवा लागते, हेही तो जाणतो. तो विसरतो ते स्वतःचे उच्छ्वास. स्वस्थ बसलेला माणूस तासाला अंदाजे पंधरा-वीस लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, म्हणजे बंद टाक्यात हवा बदलली नाही तर दोन-तीन तासांतच डोके ठणकू लागते आणि धाप लागते. यावर सोडालाइम हे वायू शोषणारे रसायन हा उपाय आहे. निवासकार मात्र एक कुंडी आत नेतो. ऑस्ट्रेलियाच्या लॉइड गॉडसन यांनी २००७ साली तळ्याखालील पोलादी खोलीत शेवाळाकडून काही प्राणवायू मिळवला, हे खरे. पण ते खास त्यासाठी वाढवलेले शेवाळ होते, दिवाणखान्यातले मनीप्लँट नव्हे.

प्रकल्पाच्या वहीत जिचा उल्लेख ‘पृष्ठभागावरील साहाय्यक पथक’ असा येतो ती पत्नी या सगळ्या काळात काठावर खुर्ची टाकून, एक हात कॉम्प्रेसरच्या बटणाजवळ ठेवून विणकाम करीत असते. या शास्त्रात तिच्याइतका भरवशाचा दुसरा घटक नाही. १९६९ साली ‘सीलॅब-३’च्या कामात बेरी कॅनन हे पाणबुडे मरण पावले, तेव्हा श्वसनयंत्राच्या डब्यात शोषक रसायनच भरलेले नसल्याचे आढळले होते, आणि तिथे तर निष्णात तंत्रज्ञांची फौज हजर होती. म्हणून अशा गृहस्थाने आपल्या घराचे निमंत्रण दिल्यास वाचकाने काठावरचा चहा अवश्य घ्यावा, खिडकीचे तोंडभरून कौतुक करावे, आणि आत उतरण्यापूर्वी कार्बन डायऑक्साइडचे मापक दाखवायला सांगावे. ते नसेल तर दुसरा कप मागावा.