नव्या मॉडेलची वाट पाहणारा

पिकअप घ्यायची आहे, पैशाची सोय आहे, गरज तर दर हंगामात आहे, पण पुढचं मॉडेल आल्याशिवाय गाडी घ्यायची नाही, अशा निश्चयाने जगणारा एक गृहस्थ रामाकोना, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यात जवळपास प्रत्येक गावात सापडतो. त्याला सोयीसाठी मॉडेलवाला म्हणू. वय चाळिशीच्या आसपास. थोडा संत्रा, थोडा कापूस, भावाभावांत सामाईक ट्रॅक्टर, स्वतःची मोटरसायकल. पिकअप मात्र फोनमध्ये असते, आणि ती रंगासकट ठरलेली असते. कंपनी पांढऱ्याशिवाय दुसरा रंग क्वचितच देते, ही गोष्ट तो मनावर घेत नाही.

त्याला हवी असते ती मधली गाडी. 2005 साली आलेला टाटा एस, म्हणजे छोटा हत्ती, त्याच्या मते भाजीवाल्याचा. 1986 पासून रस्त्यावर असलेली 407 व्यापाऱ्याची. शेतकऱ्याला शोभते ती या दोहोंमधली, दीड-दोन टन उचलणारी पिकअप. हे गणित चुकीचं नाही. इथला अंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबर तुटतो, मृग बहार फेब्रुवारी ते एप्रिल. त्या दिवसांत कॅरेट भरून नागपूरला कळमन्याच्या बाजारात पहाटेच्या आत माल उतरवायचा, परतीच्या फेऱ्यात खत आणायचं, आणि छिंदवाड्याकडचं काम निघालं तर सिल्लेवानीचा घाट दम न टाकता चढायचा, यासाठी पिकअपसारखी गाडी नाही. मॉडेलवाला हे सगळं कुणालाही समजावून सांगतो. त्याचं ऐकून गावातल्या दोघा-तिघांनी गाड्या घेतलेल्या असतात.

मॉडेलवाल्याची विद्या दोन नियमांवर उभी आहे. पहिला नियम : शेवटच्या लॉटची गाडी घेऊ नये, कारण नवं मॉडेल आलं की तिला रीसेल राहत नाही. दुसरा नियम : पहिल्या लॉटची गाडी घेऊ नये, कारण तिच्यात खोड्या निघतात. दोन्ही नियम वेगवेगळे पाहिले तर शहाणपणाचे आहेत. एकत्र पाळले तर गाडी घ्यायला उरतो तो मधला काळ. त्या मधल्या काळात पुढच्या मॉडेलची बातमी येते आणि चालू लॉट शेवटचा ठरतो. डिसेंबरचंही तसंच. डिसेंबरात सूट असते, पण तेव्हा घेतलेली गाडी महिनाभरात कागदावर एक वर्ष जुनी होते. जानेवारीत नव्या सालाची मिळते, पण तोवर भाव वाढलेले असतात.

दर वर्षी नवं मॉडेल निघतं ही समजूत मुळात अमेरिकेची. तिथे जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने 1920 च्या दशकात दरसाल गाडीचं रूप बदलायचं धोरण रुजवलं. गेल्या वर्षीची गाडी चांगली चालत असतानाही मालकाला ती जुनी वाटावी, हा त्यामागचा सरळ हेतू होता. आजही तिकडे टोयोटा टॅकोमा किंवा फोर्ड रेंजर पुढच्या वर्षाचं साल लावून आदल्या वर्षीच विकायला निघते. भारतात मालवाहू गाडीला असं पंचांग नाही. 1988 साली टेल्कोने टाटामोबाइल 206 काढली, तिच्यामागून 207 आली आणि ती वर्षानुवर्षं फारसं न बदलता चालली. इथली पिकअप बदलते ती बहुधा सरकारी नियम बदलला म्हणून, नाहीतर समोरच्या कंपनीने दोनशे किलो जास्त उचलून दाखवले म्हणून. टाटाने सप्टेंबर 2022 मध्ये दोन टनांची योद्धा 2.0 आणली आणि महिंद्राच्या एप्रिल 2023 च्या बोलेरो मॅक्स पिकअपमध्येही दोन टनांची गाडी होती. बाकीच्या वर्षांत जाळी बदलते, पट्टा बदलतो, सीटचं कापड बदलतं. मॉडेलवाला त्यालाही मॉडेलच म्हणतो.

नियम बदलले ती तीन वर्षं त्याच्या आयुष्यात ठळक आहेत. 29 मार्च 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिलपासून बीएस-3 गाड्यांची विक्री बंद केली. उरलेल्या दोन दिवसांत डीलरांनी भरघोस सूट देऊन माल मोकळा केला. लोक रांगेत उभे होते, मॉडेलवाला रांगेच्या बाजूला उभा राहून त्यांची कीव करत होता : सरकारने बंद केलेली गाडी कोणी घेते का? 2020 मध्ये बीएस-6 आलं आणि गाड्या महागल्या. तेव्हा त्याला 2017 ची सूट आठवली. एप्रिल 2023 मध्ये त्याच नियमाचा दुसरा टप्पा लागू झाला, तोवर त्याला सेन्सरची भीती बसली होती. "सौंसरच्या मिस्त्रीले पाना चालवता येते, लॅपटॉप नाही," हे त्याचं त्या काळातलं वाक्य. त्यात तथ्य होतं, ही त्याच्या बाबतीतली खरी अडचण आहे. त्याचं प्रत्येक कारण सुटं घेतलं तर पटतं.

वर्षातला त्याचा मोठा दिवस 15 ऑगस्ट. शाळेतलं झेंडावंदन आटोपून लाडू खातानाच तो फोन उघडतो, कारण त्याच सुमारास नव्या गाड्या दाखवायची महिंद्राची रीत आहे. 2020 ला थार, 2024 ला थार रॉक्स. 2023 ला तर दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला स्कॉर्पिओ-एनच्या धर्तीची ग्लोबल पिकअप दाखवली. ती नमुन्याची गाडी होती, विक्रीची नव्हे. पण मॉडेलवाल्याला विक्रीपेक्षा नमुना अधिक भावतो, कारण त्याला किंमत नसते. त्या गाडीला मागे डबल केबिन आहे, म्हणजे हौदा लहान आणि कॅरेट कमी, हे कोणी दाखवून दिलं तर तो म्हणतो, "दिवाळीपर्यंत आपल्यासाठी सिंगल केबिन येऊन रायली ना!" ही बातमी त्याला कुठून मिळते हा संशोधनाचा विषय आहे.

एकदा मात्र तो खरा ठरला. 15 ऑगस्ट 2025 ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी जीएसटी कमी करण्याची घोषणा केली. सप्टेंबरच्या सुरुवातीला जीएसटी परिषदेने मालवाहू गाड्यांवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आणला आणि नवे दर 22 सप्टेंबरपासून लागू झाले. करापूर्वी 8 लाखांची गाडी धरली तर हा फरक 80 हजारांचा. मधले दिवस पितृपक्षाचे होते, तेव्हा तशीही कोणी गाडी घेत नाही, आणि 22 सप्टेंबरला नेमकी घटस्थापना आली. इतका जुळून आलेला योग पंचांगकर्त्यांनाही क्वचित साधतो. जुलैत गाडी घेतलेल्या शेजाऱ्याच्या दारावरून मॉडेलवाला त्या आठवड्यात उगाचच चार वेळा गेला. आता तरी गाडी येईल असं घरच्यांना वाटलं. पण त्याने निष्कर्ष वेगळाच काढला. थांबल्याने एका झटक्यात 80 हजार वाचतात, तर आणखी थांबल्याने किती वाचतील?

थांबण्याच्या बाजूने त्याच्याकडे स्थानिक पुरावेही आहेत. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज 2015 मध्ये बंद झाली, तेव्हा लोक हळहळले. काही वर्षं काढली आणि रामाकोन्यावरून मोठी गाडी धावू लागली. पांढुर्ण्याला जिल्हा व्हायचं होतं, त्यासाठी 2023 उजाडावं लागलं, पण झाला. रेल्वे आणि जिल्हा जर थांबून मिळतात तर पिकअपची काय कथा. यावर घरातून एवढंच उत्तर येतं : "तुमचं मॉडेल येईन तवापर्यंत पोराचं लग्न होऊन जाईन."

शोरूममध्ये त्याला सगळे ओळखतात. छिंदवाड्याचं कोटेशन तो नागपुरात दाखवतो आणि नागपूरचं छिंदवाड्यात. राहता पत्ता मध्य प्रदेशचा असल्याने गाडी कुठेही घेतली तरी पासिंग इकडेच होणार, हे ठाऊक असूनही. छिंदवाड्याचा सेल्समन म्हणतो, "भैया, स्टॉक में एक ही बची है." हे ऐकताच मॉडेलवाला सावध होतो. एकच उरली म्हणजे लॉट संपत आला, आणि पहिला नियम वर दिलेलाच आहे. ट्रायल मात्र तो दर वेळी घेतो, चढावर दुसऱ्या गिअरला टाकून बघतो, मागे जाऊन पाटे मोजतो, हौद्याची फळी ठोकतो. गाडीतलं त्याला खरंच कळतं. त्याच्याइतकं कळणारा माणूस सोबत न्यावा म्हणून गावातले लोक गाडी घ्यायला जाताना त्यालाच घेऊन जातात. जामसावळीच्या हनुमानापुढे नव्या गाडीची पूजा होते तेव्हा नारळ फोडायलाही तोच पुढे असतो.

या स्वभावाचा खर्च कुठे पडतो ते हंगामात दिसतं. त्याचा संत्रा कळमन्याला जातोच, पण भाड्याच्या गाडीने. ही गाडी शेजाऱ्याची. त्याने जुनं मॉडेल, चुकीच्या वर्षी, चुकीच्या महिन्यात, सूट न मागता घेतलेलं असतं. तोडणीच्या दिवसांत गाड्यांची ओढाताण असते, त्यामुळे भाड्याचा इसार आधी द्यावा लागतो. वाटेत मॉडेलवाला केबिनमध्ये बसून शेजाऱ्याला त्याच्या गाडीतले दोष सांगतो. शेजारी ऐकून घेतो. त्याचं कर्ज फिटत आलेलं असतं, आणि त्यातले कितीतरी हप्ते याच संत्र्याच्या भाड्यातून गेलेले असतात.

मॉडेलवाला कधीच गाडी घेत नाही असं मात्र नाही. पाच-सहा वर्षांनी शेजारी नवी पिकअप आणतो आणि जुनी विकायला काढतो. तिच्या खोड्या निघून गेलेल्या असतात, सेन्सर कमी असतात, मिस्त्री ओळखीचा असतो, किंमत पडलेली असते. दोन्ही नियम एकाच वेळी पाळणारी गाडी ही एवढीच. तेव्हा सौंसर तालुक्यात कोणाला पिकअप विकायची असेल त्याने जाहिरात देऊ नये. ज्याने ती घेताना सर्वांत जास्त नावं ठेवली होती, त्यालाच आधी विचारावं.