वेळासचा उरलेला अर्धा

पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांपैकी अर्धे ते नाना फडणवीस. त्यांचं भानू घराणं मूळचं मंडणगड तालुक्यातल्या वेळासचं. तलवार न चालवता नुसत्या लेखणीवर राज्य राखलं, म्हणून नानांची बोळवण अर्ध्यावर झाली. बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून मी वेळासला पोचलो, तेव्हा उरलेला अर्धा कुठे गेला ते कळलं. तो आमच्या घरमालकीण आजींकडे होता.

आजींची पंच्याहत्तरी उलटलेली, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलं ठाण्याला. कासवांच्या हंगामात पडवी, माजघर आणि माडी त्या पाहुण्यांना देतात. भाड्याचं बोलणं मागाहून. आधी मोदक खाणारे किती ते सांगायचं. त्यांच्या वहीत पाहुण्यांची नावं नसतात. 'पडवीतले चार, तिखट नको.' 'माडीवरचा घोरतो.' माझ्यापुढे लिहिलं होतं, 'चहा दोनदा मागतो.'

"आजी, गीझर आहे का हो?" पुण्याच्या एका तरुणाने विचारलं.

"आहे की," न्हाणीघराबाहेरच्या बंबाकडे बोट दाखवून आजी म्हणाल्या, "पेटव."

आजी झोपाळ्यावरून हलत नाहीत, पण किनाऱ्यावरची खबर त्यांना आधी लागते. इथे पूर्वी कासवांची अंडी लोक उकरून न्यायचे. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावकऱ्यांना हाताशी धरून ती राखायला घेतली. आता अंडी वाळूतच, कुंपणाच्या आत पुरतात. दीडेक महिना उलटला की वर टोपल्या पालथ्या घालतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. पिल्लं निघाली तर निघाली. त्या संध्याकाळी टोपल्यांखाली नुसती वाळू होती.

"एवढे पैसे भरून आलो आम्ही!" पडवीतल्या चौघांपैकी एक गृहस्थ आजींवर उखडले.

"कासवीण माझी भाडेकरू नव्हे," आजी म्हणाल्या. "मी तिच्याकडून छदाम घेत नाही, ती मला वेळ सांगत नाही. सोलकढी घ्या."

सकाळी मात्र निघाली. काळपट, तळहातावर मावणारी, डोक्याला वाळू चिकटलेली. दोरीमागे आम्ही श्वास रोखून उभे, आणि एक पिल्लू समुद्राला पाठ करून थेट पुणेकराकडे निघालेलं. त्यालाही बहुधा गीझरबद्दल विचारायचं असावं. लाट आली तशी स्वारी वळली.

परतल्यावर मी हळवा होऊन म्हटलं, "आजी, ती आई शंभरेक अंडी घालून जाते, मागे वळूनसुद्धा बघत नाही!"

"बघून काय करील? माझीही ठाण्याकडे अशीच सुटली. मी आपली फाटकाशी उभी राहून बघत बसले, एक तरी थांबलं का? वर दर खेपेला लाडवांचा डबा गेला तो निराळाच. घावन गार होतायत."

निघताना हिशेब चोख निघाला, दोन जादा चहांसकट. पैसे मोबाइलवरून दिले तर चालतील का, विचारलं.

"देवघरात जा."

क्यूआर कोड गणपतीच्या तसबिरीखाली चिकटवलेला होता.

"इथे कशाला हो लावलात?"

"रेंज तिथेच येते. आणि देवासमोर कुणी घासाघीस करीत नाही."