शिक्षणाचा शिंगणापूर पॅटर्न

लातूरने महाराष्ट्राला शिक्षणाचा पॅटर्न दिला, म्हणून आपण नगरकरांनी किती वर्षं मनातल्या मनात कुढायचं? २०२० साली शाळांना कुलपं लागली आणि आपलाही पॅटर्न जन्माला आला. नेवासा तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना दारं नसतात; आपण ऑनलाइन वर्गांनाही ठेवली नाहीत.

कार्यपद्धती सोपी. सरांनी रात्री झूमची लिंक पालकांच्या ग्रुपवर टाकायची, तिच्याच खाली पासवर्ड लिहायचा आणि त्याखाली ‘सर्वांपर्यंत पोहोचवा’ असं बजावायचं. पालक आज्ञाधारक. लिंक भावकीच्या ग्रुपवर, तिथून दूध डेअरीच्या, तिथून पुण्याच्या मेहुण्याकडे. सकाळी पटावर बत्तीस आणि वर्गात एकेचाळीस. त्यातले ‘रेडमी’, ‘ओप्पो’ आणि ‘पप्पा’ हे विद्यार्थी कोणाचे, हे विचारून उपयोग नाही. उत्तर ठरलेलं: ‘सर, आवाज येत नाही.’

मग हजेरीचा स्क्रीनशॉट. मुलांचे चेहरे, नावं, मीटिंगचा नंबर, सगळं एका चित्रात. ते आधी केंद्रप्रमुखांकडे, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. वाटेत ते कुणाकुणाच्या फोनमध्ये मुक्कामी राहिलं, याचा पट कुणी ठेवला नाही. पण सरांनाच नावं ठेवू नका. ३१ मार्च २०२० रोजी ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनीही मंत्रिमंडळाच्या ऑनलाइन बैठकीचा फोटो जगाला दाखवला आणि त्यात मीटिंगचा नंबर ठसठशीत वाचता येत होता. त्यांनाही अहवाल वर पाठवायचा असणार.

सिंगापूरकर मात्र भित्रे. त्या एप्रिलमध्ये भूगोलाच्या ऑनलाइन तासाला परके लोक घुसले, अश्लील चित्रं दाखवली, तर त्यांच्या शिक्षण मंत्रालयाने शिक्षकांचं झूमच काही काळ बंद केलं. आपल्या गृह मंत्रालयानेही १६ एप्रिलला बजावलं: दर बैठकीला नवा नंबर, नवा पासवर्ड, आत घेण्याआधी वेटिंग रूम, सगळे आले की कुलूप. आपण लगोलग अंमल केला, म्हणजे पीडीएफ ग्रुपवर फॉरवर्ड केली. नवल वाटतं ते वेटिंग रूमचं. माणसाला बाकड्यावर दिवसभर ताटकळत ठेवण्यात आपल्या कचेऱ्यांचा हात कुणी धरणार नाही. स्क्रीनवर मात्र दोन मिनिटं कुणाला थांबवणं जमू नये?

वरच्या मजल्यावर तरी दारं होती म्हणता? सरकारच्या दीक्षा ॲपवरच्या दहा लाखांहून जास्त शिक्षकांची नावं, फोन नंबर, ईमेल एका उघड्या सर्व्हरवर पडून होती, हे जानेवारी २०२३ मध्ये बाहेर आलं. शिवाय लाखो विद्यार्थ्यांची माहिती. जिल्ह्यात खरा बंदोबस्त होता तो अकोले तालुक्यातल्या डोंगराळ डांगाणात. तिथे रेंजच नव्हती. घुसखोर बाहेर, विद्यार्थीही बाहेर.

शंकेखोर म्हणतील, शिंगणापुरात दार नसलं तरी शनिदेवाचा धाक आहे, झूमवर कुणाचा? शिवाय २०११ मध्ये युको बँकेने तिथे ‘बिनकुलपाची’ शाखा काढली, तीही काचेचं दार आणि रिमोटवर चालणारं चुंबकीय कुलूप बसवून. बँकेची देवावर श्रद्धा आहे, भरवसा रिमोटवर. आणि ते शहाणपणाचंच ठरलं म्हणायचं. २०२५ मध्ये त्याच देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप काढून भक्तांकडून ऑनलाइन पूजेचे पैसे उकळल्याचं प्रकरण सायबर पोलिसांत आणि थेट विधानसभेत गेलं. जिथे शनीला जुमानलं नाही, तिथे वर्गशिक्षकाला कोण विचारतो?

तरी सुधारणा होतच आहेत. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, पालकांचा ग्रुपही रातोरात अहिल्यानगर झाला. पासवर्ड तेवढा अजून ‘नगर१२३’ आहे. तो बदलण्याबाबत वरून आदेश नाहीत.